युद्धकैद्याचं नाव दगडावर का नको? : युद्धस्मारक समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
युद्धस्मारक समिती

विषय : स्मारकाच्या यादीतून युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांना वगळल्याबद्दल, तसंच हवाई दलाच्या माहितीफलकावरील मजकुराबद्दल

स.न.वि.वि.

आपल्या तालुक्याच्या गावी युद्धस्मारक होतंय याचा मला आनंद आहे, आणि तो मी आपल्यापैकी अनेकांजवळ बोलूनही दाखवला आहे. जांभ्याचा चौथरा बांधून झाला, काळा दगड येऊन पडला, आता नावं कोरायची तेवढी राहिली आहेत. वाद नेमका त्या नावांवरूनच आहे. याबद्दल मी समितीशी समक्ष बोललो. ‘निकष ठरलेत, आता बदलता येणार नाहीत’ एवढंच उत्तर मिळालं. स्मारक लोकांच्या वर्गणीतून उभं राहतंय, तेव्हा निकषांबद्दलही लोकांसमोरच बोलू.

सूचनाफलकावर लागलेली यादी मी नीट वाचली. ज्यांना शौर्यपदक मिळालं ते, आणि ज्यांना युद्धात वीरमरण आलं ते, एवढ्यांचीच नावं कोरली जाणार. त्याखाली एक ओळ आहे की युद्धकैदी आणि बेपत्ता यांच्या नावांचा विचार करता येणार नाही. शेजारी चौथऱ्याभोवती लावायच्या माहितीफलकांचा मसुदा आहे. त्यात हवाई दलाच्या फलकावर बॉम्बर विमानाचं चित्र आणि खाली मजकूर, ‘वैमानिक व त्याचा सहायक’.

तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कोणाला उघडं पाडायचा माझा हेतू नाही. शिवाय रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जिथे कुठे असं स्मारक होईल, तिथे हाच प्रश्न उभा राहणार आहे.

मी त्या ‘सहायकां’पैकी एक. भारतीय हवाई दलात कॅनबेरा बॉम्बरवर नेव्हिगेटर, म्हणजे विमानाची वाट आखणारा, होतो. १९७१ मध्येही त्याच विमानावर होतो. माझी एकही रात्र कैदेत गेली नाही. मी धडधाकट परत आलो, पेन्शन घेतो, कलमांची निगा राखतो. तेव्हा हे मी माझ्यासाठी मागतोय असा समज कोणी करून घेऊ नये. माझं नाव त्या दगडावर येण्याचं काही कारण नाही. पण ज्या आसनावर मी बसत होतो त्याच आसनावर बसून गेलेली माणसं परत आली नाहीत, किंवा दुसऱ्या देशाच्या कोठडीतून परत आली. त्यांच्याबद्दल माझ्याच गावात असा नियम लिहिला जात असेल, तर मला गप्प बसता येणार नाही.

आधी फलकाबद्दल. नेव्हिगेटर काय करतो हे मसुदा लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं, म्हणून सांगतो.

कॅनबेरा १९५७ मध्ये आपल्या हवाई दलात आली आणि ११ मे २००७ रोजी आग्र्याला तिने निरोप घेतला. आपल्या बॉम्बर कॅनबेरांपैकी बहुतेक बी(आय)५८ जातीच्या होत्या. या विमानात वैमानिक वर बसतो, थोडा डाव्या अंगाला, काचेच्या घुमटाखाली. त्याला आकाश दिसतं, क्षितिज दिसतं. नेव्हिगेटर खाली, विमानाच्या नाकात. तिथे पाय धड पसरता येत नाहीत. पुढ्यात एक अरुंद टेबल, त्यावर नकाशा, डिव्हायडर, प्रोट्रॅक्टर, हाताने फिरवायचा गोल कॉम्प्युटर, टोक काढलेल्या पेन्सिली आणि जेमतेम आकडे दिसतील इतका उजेड. बॉम्ब टाकायची वेळ आली की टेबल सोडून पुढे काचेपाशी पालथं पडायचं आणि साइटमधून बघत वैमानिकाला सांगत राहायचं, ‘लेफ्ट, लेफ्ट, स्टेडी’. त्या क्षणी विमान वैमानिकाच्या हातात असतं, पण ते हात नेव्हिगेटरच्या आवाजावर चालत असतात.

आमचे हल्ले बहुतेक रात्रीचे. खाली ब्लॅकआउट, रेडिओवर चकार शब्द नाही, आणि रडारला दिसू नये म्हणून विमान जमिनीच्या जितकं जवळ आणता येईल तितकं. ४२० नॉटचा, म्हणजे तासाला ४२० सागरी मैलांचा, वेग धरला तर मिनिटाला सात सागरी मैल मागे पडतात. वारा किती, कुठून, तो विमानाला किती ढकलतोय, याचा हिशेब दर सहा मिनिटांनी नव्याने मांडायचा. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, गणित सोपं जातं. दिशा एका अंशाने चुकली तर साठ मैलांवर विमान एक मैल बाजूला जातं, आणि एक मैल बाजूला म्हणजे शत्रूच्या धावपट्टीऐवजी एखाद्या शेतकऱ्याचं घर. परतीला इंधन पुरेल का, कुठल्या वाटेने यायचं, पहाटेच्या आत हद्द ओलांडता येईल का, हेही त्याच टेबलावर ठरतं.

माझे आजोबा तांडेल होते. गलबतावर सुकाणूला एक खलाशी उभा असे. दर्या, वारा आणि तारे ओळखून ‘आता वळव’ म्हणणारा माणूस वेगळा असे, आणि गलबत सुखरूप परत आलं की लोक त्याचं नाव घेत. नेव्हिगेटर हा विमानाचा तांडेल. त्याला सहायक म्हणणं चूक आहे, आणि दगडी फलकावर ती चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. जग मोहन नाथ यांना १९६२ आणि १९६५ च्या कामगिरीसाठी दोनदा महावीर चक्र मिळालं, हे आपल्या फलकावर आलं आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या टेहळणी विमानात त्यांच्या मागे बसून तिबेटपर्यंतची वाट आखणारा एक नेव्हिगेटर प्रत्येक उड्डाणात होता. फलकावर त्याच्यासाठी निदान एक ओळ तरी असायला हवी होती.

आता एक गोष्ट, जी सैन्याबाहेर फारशी कोणाला माहीत नसते. बी(आय)५८ मध्ये वैमानिकाला इजेक्शन सीट होती. नाकातल्या नेव्हिगेटरला नव्हती.

विमानाला आग लागली तर वैमानिक हँडल ओढून बाहेर फेकला जाऊ शकत होता. नेव्हिगेटरने जागेवरून उठायचं, पॅराशूटसकट त्या अडचणीतून बाजूच्या दारापर्यंत पोहोचायचं, दार उघडायचं आणि उडी मारायची. पेटलेलं विमान गिरक्या घेत असताना आणि खाली जमीन काही सेकंदांवर असताना. प्रत्येक उड्डाणाआधी हे आम्हा दोघांनाही ठाऊक असे. त्यावर आम्ही कधी बोलत नव्हतो. माझा वैमानिक विमानात चढताना न चुकता माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच.

याचा युद्धकैद्यांशी काय संबंध, असं आपण विचाराल. फार जवळचा आहे. १० एप्रिल १९५९ रोजी आपलं एक टेहळणी कॅनबेरा रावळपिंडीच्या बाजूला पाकिस्तानी सेबर विमानांनी पाडलं. त्या जातीच्या कॅनबेरात दोघांनाही इजेक्शन सीट होत्या. स्क्वाड्रन लीडर जे. सी. सेनगुप्ता आणि त्यांचे नेव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट एस. एन. रामपाल दोघेही बाहेर पडले, पकडले गेले, त्यांची चौकशी झाली आणि दोघेही मायदेशी परतले. पुढे २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री, युद्धबंदी दोन दिवसांवर आली असताना, बी(आय)५८ जातीचं कॅनबेरा पाकिस्तानच्या स्टारफायटर लढाऊ विमानाने पाडलं. वैमानिक इजेक्ट होऊन युद्धकैदी झाला आणि नंतर घरी आला. नेव्हिगेटर विमानाबरोबर गेला. दोघांच्या धैर्यात काडीचा फरक नव्हता. फरक आसनाचा होता. कॅनबेराच्या नेव्हिगेटरला युद्धकैदी होणंसुद्धा सहज नशिबी येत नव्हतं, हे माहीत असलेल्या माणसाला ‘कैद्यांचा विचार करता येणार नाही’ ही ओळ वाचताना काय वाटलं असेल, याची कल्पना आपण करावी.

बैठकीत एका सदस्याने विचारलं, ‘पकडला गेला, यात शौर्य काय?’ मी त्यांचं नाव घेत नाही. प्रश्न त्यांनी खोडसाळपणे विचारला नव्हता, अनेकांच्या मनात तो असतो. म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

पहिली गोष्ट, पकडला गेल्याने सैनिकाची सेवा थांबत नाही. कैदेतला काळ सेवेतच मोजला जातो, आणि कैद्याचं कर्तव्यही संपत नाही. युद्धकैद्यांबद्दलच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या कलम १७ प्रमाणे त्याने आपलं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक सांगायचा. त्यापुढे बोलायला तो बांधील नाही. कागदावर ही एक ओळ आहे. एकांतकोठडीत, जखमी अंगाने, झोपेविना, आपली खबर घरी पोहोचली की नाही हे माहीत नसताना तीच ओळ किती लांब होते, हे तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक. नेव्हिगेटरच्या बाबतीत तर विचारणाऱ्याला ठाऊक असतं की या माणसाच्या डोक्यात सगळा नकाशा आहे. कुठल्या तळावरून उड्डाण झालं, कुठल्या खिंडीतून आत शिरले, रडारची नजर कुठे चुकवली, उद्या कोणती विमानं कुठे जाणार. हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने आखलेलं असतं. तो गप्प राहिला तर दुसऱ्या रात्री त्याच वाटेने जाणारे त्याचे सोबती जिवंत परततात. समितीला यात शौर्य दिसत नसेल, तर ते आणखी कुठे शोधायचं?

दुसरी गोष्ट, कैदेत माणसं हात बांधून बसलेली नसतात. १९७१ च्या युद्धात पकडलेले आपले हवाई दलाचे अधिकारी रावळपिंडीच्या छावणीत होते. १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री त्यांच्यापैकी तिघे, फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, भिंत पोखरून बाहेर पडले. पेशावर गाठलं, खैबरच्या वाटेला लागले आणि लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाणिस्तानची हद्द हाकेच्या अंतरावर होती. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली. ते स्टेशन इंग्रजांच्या काळातच, १९३२ मध्ये, बंद झालेलं होतं. संशय आला आणि तिघे पुन्हा पकडले गेले. मी नेव्हिगेटर असल्यामुळे असेल, पण या हकिकतीतला हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो. इतकं धाडस, इतकी तयारी, आणि शेवटी एका स्टेशनावर अडावं. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्याच्या फाटकातून ते आपल्या बाकीच्या युद्धकैद्यांबरोबर परत आले. ग्रुप कॅप्टन परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात वारले, तेव्हा हवाई दलाने त्यांना श्रद्धांजली वाहताना कैदेतून सुटण्याच्या त्याच प्रयत्नाची आठवण केली. ज्या गोष्टीचा हवाई दलाला अभिमान आहे, ती आपल्या तालुक्याला लपवण्याजोगी का वाटावी?

तिसरी गोष्ट त्याहून साधी. कैदेतून आलेल्यांवर सैन्यानेच डाग ठेवलेला नाही. १९६५ मध्ये पकडले गेलेले के. सी. करिअप्पा पुढे एअर मार्शल झाले. त्यांचे वडील, माजी लष्करप्रमुख करिअप्पा, यांना पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष अयुब खान यांनी मुलाला सोडण्याची तयारी कळवली होती. सगळेच कैदी माझी मुलं आहेत, एकट्याला सवलत नको, असं त्यांनी कळवलं. १९७१ च्या कैद्यांपैकी जे. एल. भार्गव एअर कमोडोर म्हणून निवृत्त झाले. कारगिलच्या वेळी, २७ मे १९९९ रोजी, हवाई दलाचे वैमानिक नचिकेता पकडले गेले आणि आठवड्याभराने परत आले. पाठीच्या दुखापतीमुळे लढाऊ विमान सुटलं, तर त्यांना मालवाहू विमानं दिली गेली. १ मार्च २०१९ च्या रात्री अभिनंदन वर्धमान वाघ्यावरून परत आले, तेव्हा आपल्याच बाजारपेठेत फटाके वाजले होते आणि त्या गर्दीत आपल्यापैकी काही जण होते. मी बघितलंय. त्यांना पुढे वीर चक्र मिळालं, म्हणून ते आपल्या निकषात बसतात. पण ज्यांना पदक मिळालं नाही त्यांचं काय? आपल्या देशात जखमी सैनिकासाठी पदक आहे, युद्धकैद्यासाठी वेगळं पदक नाही. आधी पदकाची अट घालायची आणि ज्या कष्टासाठी पदकच नाही त्यांना अटीवरून बाहेर ठेवायचं, हा न्याय नव्हे.

हे सगळं मोठ्या हुद्द्यांच्या माणसांबद्दल झालं. आता आपल्या तालुक्यातलं.

खाडीपलीकडच्या एका वाडीतला एक जवान १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर पकडला गेला होता. तो वर्षभराने परत आला, नोकरी पूर्ण केली, गावी शेती केली, आणि काही वर्षांपूर्वी गेला. त्याची पत्नी कागद घेऊन आपल्याकडे आली होती. तिच्या ट्रंकेत रेडक्रॉसमार्फत आलेलं एक कार्ड आहे. मी ते हातात घेऊन पाहिलंय. कडा पिवळ्या पडल्यात, मधोमध घडीची चीर आहे, आणि मोजक्या ओळी आहेत. मी बरा आहे, काळजी करू नये, आईला सांगावे. जिनिव्हा कराराच्या कलम ७० प्रमाणे कैद्याला छावणीत आल्यावर आठवड्याच्या आत असं कार्ड लिहू द्यावं लागतं. ते घरी पोहोचायला मात्र कितीतरी जास्त वेळ लागला होता, आणि तोवर ती बाई काय समजून दिवस काढत होती हे तिच्याच तोंडून ऐकावं. आपल्या टेबलावर तिला विचारलं गेलं, पदक आहे का? नाही. मग लढाईत मृत्यू झाला का? नाही. मग, मावशी, तुमचं काम होणार नाही. कार्ड कोणी उलगडूनही बघितलं नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. निकष चुकतात, ते दुरुस्तही होतात. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला, जिचा नवरा या देशासाठी तुरुंगात राहिला, तिला उभ्याउभ्या परत पाठवलं गेलं. समितीने तिच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करावी. त्यासाठी ठराव लागत नाही.

बेपत्तांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘आपल्या तालुक्यातलं कोणी त्या यादीत नाही, मग चर्चा कशाला’ असंही म्हटलं गेलं. कोणी नाही, तर त्यांना वगळणारी ओळ तरी कशाला लिहिली? आज लिहिलेला निकष पुढच्या युद्धानंतरही वाचला जाणार आहे.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत जे परत आले नाहीत आणि पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असं मानलं गेलं, अशांपैकी ४० जणांची नावं १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत दिली होती. पुढे ही संख्या ५४ झाली. त्यात हवाई दलाचे अधिकारी मोठ्या संख्येने आहेत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे त्यात आहेत. ते सुखोई-७ विमान घेऊन ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातल्या शोरकोटच्या विमानतळावर हल्ल्याला गेले ते परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत त्यांच्यासारखं नाव पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी शोधात घालवलं. त्याच यादीत कॅनबेराचे नेव्हिगेटर आहेत, फ्लाइट लेफ्टनंट राम मेठाराम अडवाणी, फ्लाइट लेफ्टनंट मनोहर पुरोहित. ही नावं लिहिताना माझा हात जड होतो. २००७ च्या जूनमध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानात जाऊन तिथले तुरुंग पालथे घालून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. आपल्या ताब्यात असे कोणी नाहीत, असं पाकिस्तान सांगत आलं आहे.

पण आपल्या सरकारने ही फाइल बंद केलेली नाही, हे समितीने लक्षात घ्यावं. दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातल्या नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. २००८ चा करार आहे तसा. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांना या तारखा पाठ असतात. त्या दिवशीच्या निवेदनात आपलं परराष्ट्र मंत्रालय बेपत्ता सैनिकांचाही विषय काढतं आणि त्यांना परत पाठवा म्हणून सांगतं. दिल्ली ज्यांना अजून विसरलेली नाही, त्यांचा विचार करता येणार नाही असं तालुक्याच्या समितीने लिहावं?

पुरावा नाही, देह नाही, तारीख नाही, ही अडचण मला समजते. ९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरी दीवच्या समुद्रात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. त्यांना समुद्राने परत दिलं नाही, तरी दीवला त्यांचं स्मारक आहे. वादळात होडी गेली आणि माणूस आला नाही, तर सात वर्षं वाट पाहून कायदा त्याला मृत मानू शकतो, हे आपल्या प्रत्येक कोळीवाड्याला ठाऊक आहे. पण तोवर, आणि त्यानंतरही, घरातलं कोणी त्याचं नाव पुसून टाकत नाही. बेपत्ता सैनिकाच्या नावापुढे मृत्यूची तारीख कोरू नका, ‘हुतात्मा’ही लिहू नका, त्याच्या घरच्यांना ते मान्य नसतं. ‘बेपत्ता, डिसेंबर १९७१’ एवढंच लिहा. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

आता मागण्या स्पष्ट मांडतो.

१. ‘युद्धकैदी आणि बेपत्ता यांच्या नावांचा विचार करता येणार नाही’ ही ओळ निकषांतून काढावी आणि तसा ठराव सूचनाफलकावर लावावा.

२. दगडावर ‘युद्धकैदी’ आणि ‘बेपत्ता’ असे दोन रकाने करावेत. युद्धकैद्याच्या नावापुढे पकडल्याची आणि परतल्याची तारीख द्यावी. तालुक्यातल्या सगळ्या माजी युद्धकैद्यांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून आणि त्या त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसकडून समितीने स्वतः मागवावी. म्हाताऱ्या विधवांना कागद घेऊन हेलपाटे घालायला लावू नयेत. बेपत्ताचा रकाना आज रिकामा राहिला तरी चालेल.

३. हवाई दलाच्या फलकावर ‘वैमानिक आणि नेव्हिगेटर’ असं लिहावं, आणि नेव्हिगेटर काय करतो हे चार ओळींत सांगावं. मजकूर मी लिहून देतो, विनामूल्य, आणि दुसऱ्या कुणा जाणकाराकडून तपासून घ्यावा.

४. स्मारक बघायला शाळेतली मुलं येणार आहेत. त्यांच्यासाठी एक फलक युद्धकैद्यांवर असावा. सैनिक पकडला गेला तर त्याचे हक्क काय, त्याने काय सांगायचं आणि काय नाही, कलम ११८ प्रमाणे लढाई थांबल्यावर त्याला विनाविलंब सोडावं लागतं म्हणजे काय, हे त्यांना कळू दे. शत्रूचा पकडलेला सैनिकही याच कराराने सांभाळायचा असतो, तेही कळू दे. १९७१ मध्ये आपल्याकडे ९३,००० कैदी होते आणि आपण त्यांना परत पाठवलं, याचाही अभिमान मुलांना वाटायला हवा.

५. खाडीपलीकडच्या त्या बाईंच्या घरी समितीने जावं. हे मी वर लिहिलंय, इथे पुन्हा लिहितोय कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उद्घाटनाची तारीख पुढे ढकलावी लागली तरी हरकत नाही. पाहुण्यांच्या सोयीसाठी घाईने कोरलेला दगड नंतर घासून काढता येत नाही. कारागिराचा जादा खर्च आला तर तो उभा करायला मी आणि गावातले माजी सैनिक तयार आहोत, आमचं तसं बोलणं झालं आहे. त्यात हवाई दलाचे, नौदलाचे, पायदळाचे सगळे आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांना मी लहानपणापासून ओळखतो. काहींच्या वडिलांबरोबर मी शाळेत होतो. कोणाच्याही सचोटीबद्दल मला शंका नाही. निकष लिहिताना सरकारी नमुना समोर ठेवला गेला असेल आणि कैदी, बेपत्ता, नेव्हिगेटर हे कोणाच्या डोळ्यांसमोर आलेच नसतील, असंच मी समजतो. म्हणूनच हे पत्र रागाने लिहिलेलं नाही. मात्र उत्तर मला लेखी हवं, आणि ते सूचनाफलकावर लागायला हवं, म्हणजे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येईल.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. मी येईन, येताना करारातल्या कलमांच्या आणि लोकसभेतल्या उत्तराच्या प्रती आणीन. ज्या सदस्यांना आधी बोलायचं असेल त्यांनी घरी यावं, संध्याकाळी मी पडवीतच असतो. तोवर कारागिराला नावांचा कागद देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त नेव्हिगेटर,
भारतीय हवाई दल